मारुतीचा चेहरा बाकी

५ सप्टेंबर, शुक्रवार

लिहायचं कारण: मागच्या खोलीतलं चित्र पुढे सरकतं आहे आणि ते मी करत नाही. कुणाला सांगितलं तर दोनच अर्थ निघतील. बाईचं डोकं फिरलं, नाही तर बाई खोटं बोलते. तीसेक वर्षं कॉलेजात रसायनशास्त्र शिकवलं. मुलींना सांगत आले, जे दिसलं ते त्याच दिवशी लिहा. उद्यावर टाकलं की मन त्यात भर घालतं. म्हणून वही काढली.

माहीत आहे ते एवढं. इंदू, माझी धाकटी जाऊ, जूनमध्ये गेली. हृदय. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं. घरात आम्ही दोघीच होतो, आता मी. तिच्या खोलीत उतरत्या मेजावर रामाच्या पट्टाभिषेकाचं, म्हणजे राज्याभिषेकाचं चित्र राहिलं. सोन्याचा वर्ख लावून, घोटून झाला होता. सिंहासन, खांब, कपडे झाले होते. राम, सीता, लक्ष्मण, बिभीषण पूर्ण. पाच चेहरे कोरे: वसिष्ठ, भरत, शत्रुघ्न, सुग्रीव, मारुती. कोरे म्हणजे मानेवर नुसता रंगाचा गोळा, नाक नाही, डोळे नाहीत. मी मोजले होते, कारण सावित्रम्मांना फोनवर सांगायचं होतं. चित्र त्यांनी सांगितलेलं, नव्या देवघरासाठी.

परवा जाळी काढायला खोली उघडली. वसिष्ठ माझ्याकडे बघत होते.

६ सप्टेंबर

भाग्या आली. हुणसूरची. मंगळवार, गुरुवार, शनिवार बसने येते, इंदूकडे चौदा वर्षं शिकली, तिला अक्का म्हणते. चाळिशीची बाई, घरी मराठीच, पण निम्मी कानडी. इंदू गेल्यावरही वार चुकवत नाही, पुढच्या पडवीत बसून आपली लहान चित्रं करते. मागच्या खोलीची किल्ली माझ्या कमरेला असते.

"भाग्या, वसिष्ठांचा चेहरा तू केलास?"

"कुठला वसिष्ठ, मेडम?"

नेऊन दाखवला. बराच वेळ वाकून बघत राहिली, मग दोन पावलं मागे आली. "हे अक्कांचंच. दाढीचा केसनकेस वेगळा. अय्यो, माज्याकडनं हे ह्या जन्मी होत नाय."

"मग जूनच्या आधीच झालेला असणार."

"पाच बाकी होते की. तुम्हीच मोजलासा."

मेजाशेजारच्या वाटीत पाणी होतं. स्वच्छ. ती वाटी जूनमध्ये मी माझ्या हाताने धुऊन पालथी घातली होती.

७ सप्टेंबर, रविवार

कुलूप बदललं. खिडकीचे गज हलवून पाहिले, घट्ट आहेत. दाराच्या आत हातभर रुंदीचा मैद्याचा पट्टा पेरला.

मीच करते आणि विसरते, ही शक्यताही धरायला हवी. वय आहे. कागद घेऊन वसिष्ठांचा डोळा काढून पाहिला. बटाटा झाला. दुसऱ्यांदा काढला, मोड आलेला बटाटा. शक्यता रद्द.

सावित्रम्मांचा फोन. पितृपक्षात चित्र घरात आणायचं नाही, पण दसऱ्याला देवघर बसवायचं म्हणजे बसवायचंच. तोवर पुरं झालं नाही तर दुसऱ्या चित्रकाराकडे नेणार. तो सगळे चेहरे खरवडून एका हाताने नव्याने काढून देतो म्हणाला आहे. "एका चित्रात दोन हात नकोत, मेडम." सगळे चेहरे म्हणजे इंदूने केलेले राम-सीताही.

मी म्हटलं, उरलेले भाग्या करेल, कुणी काही खरवडायचं नाही.

"डोळे उघडलेले हवेत बरं का पाचही. एक जरी कोरा राहिला तरी पूजेत चालत नाही."

मला माहीत आहे, म्हटलं. माहीत नव्हतं.

१० सप्टेंबर, बुधवार

बंगळूरहून एक मुलगी आली, कॅमेरा घेऊन. कलाकार जिथे राहतात आणि काम करतात अशा जागांचं पुस्तक काढते आहे. इंदूने मे महिन्यातच तिला होय म्हटलं होतं म्हणे. इंदू मला सांगत नसे.

मुलगी खोलीत शिरताच "आंटी, सूपर!" म्हणून ओरडली. मग कुजबुजायलाच लागली, देवळात आल्यासारखी. मला त्या खोलीत एवढं काय आहे हे कधी कळलं नव्हतं. दहा बाय चौदा. उत्तरेला खिडकी, बाहेर फणस. कौलांत दोन काचा. जमिनीला टेकलेलं मेज, बसायला घडी केलेलं घोंगडं. चिंचेच्या काड्या जाळून केलेला कोळसा बिस्किटांच्या डब्यात. रंगांच्या बाटल्या माझ्या प्रयोगशाळेतल्या, कॉलेजने टाकून दिल्या तेव्हा मी आणल्या होत्या. काचेची बुचं, त्यांवर माझ्या अक्षरातली जुनी नावं, खाली इंदूच्या अक्षरात नवी. शिश्याच्या सफेद्यावरून आमचं वाजलं होतं. विष आहे ते, म्हणून मी फेकून दिला. तीन दिवस अबोला. चौथ्या दिवशी जस्ताचा सफेदा वापरून पाहिला आणि "बरा आहे" म्हणाली. तिच्या तोंडून मला मिळालेलं तेवढंच प्रशस्तिपत्रक, आणि मी दिलेलं मला एकही आठवत नाही.

मुलगी भिंतीपुढे थबकली. खिडकीच्या डाव्या बाजूची भिंत. रोजचं काम उरकलं की शिंपल्यात उरलेला रंग इंदू धुऊन टाकत नसे, बोटाने भिंतीवर पुसत असे. रोजचा एक ठिपका, अंगठ्याएवढा. हजारो आहेत.

"आंटी, आता इथे कोण काम करतं?"

"कुणी नाही."

"पण हा ओला आहे." तिने बोट दाखवलं. बोटाला हिरवा रंग.

मी तिला चहा दिला. "त्यांना इन्स्पिरेशन कुठून मिळायचं?" असं विचारलंन. साडेसहाला उठून, म्हटलं. तिने लिहूनही घेतलं. जाताना चित्राचा फोटो माझ्या फोनवर पाठवायला लावला. दहा चाळीसचा आहे. भरताचा चेहरा कोरा, साफ दिसतो.

१२ सप्टेंबर

भरत झाला. मुलगी गेल्यावर नव्याने पेरलेला मैद्याचा पट्टा जसाच्या तसा, त्यावरून मुंगीसुद्धा गेलेली नाही. फोटो शेजारी धरून पाहिला. शंका नाही.

काम सकाळी होत असणार. सात ते अकरा, इंदूचीच वेळ. मी स्वयंपाकघरात असते, मध्ये एक भिंत. आज साधारण आठला काहीतरी घासल्याचा आवाज आला. शेजारचे नारळ खवत असतील म्हणून भाजी परतत राहिले.

१३ सप्टेंबर, शनिवार

भा.ला भरत दाखवला. उंबऱ्याच्या आत यायला तयार नव्हती. मी हाताला धरून आणलं.

"हा अक्कांचा खरा, पण आत्ताचा नव्हे."

म्हणजे?

"डोळ्याचा कोपरा नोडी, बघा, मेडम. माशाच्या शेपटीसारखा लांब ओढलाय. अक्का असा काढायच्या मी नवी होते तेव्हा. मग आपणच म्हणाल्या, फार झालं हे, नाटकातल्या नटासारखं दिसतं. सोडून दिला. आता दहा-बारा वर्षं झाली."

मला दोन्ही डोळे सारखेच दिसतात. तिला दिसतं तर असेल.

जाताना दाराशी पणती लावून गेली. खोलीत कागद, डिंक, वर्ख. मी विझवली.

१६ सप्टेंबर

आज बसून पाहिलं. सात वाजता खुर्ची नेली, मेजासमोर ठेवली, नऊपर्यंत बसले. काही नाही. फणसावर खारी. वाटीत पाणी नव्हतं, शिंपले कोरडे.

नऊला कंटाळून खुर्ची दाराकडे फिरवली, चित्राकडे पाठ, आणि पेपर उघडला. मिनिटभरात माझ्या मागे आवाज सुरू झाला. वरवंट्याचा. रंगाचा पाटा लहान असतो, आवाज मऊ येतो. चार फेरे, थांबा, पाण्याचा थेंब, चार फेरे. ही लय मी भिंतीपलीकडून किती वर्षं ऐकली. इंदूचीच, पण घाई होती तिच्यात. इंदू घाई करत नसे.

मी वळले नाही. भीतीने नव्हे. परीक्षेला बसलेल्या मुलीच्या मानेशी उभं राहिलं की तिचा हात थांबतो, हे मला पक्कं माहीत आहे. पेपरचं एकच पान धरून बसले. पाऊण तासाने आवाज थांबला, मग बराच वेळ काहीच नाही, फक्त कुणीतरी श्वास धरून ठेवल्यासारखं. बारीक रेघ ओढताना इंदू श्वास धरत असे.

न बघता बाहेर आले. दुपारी वरणात मीठ घातलंय की नाही आठवेना.

१८ सप्टेंबर, गुरुवार

शत्रुघ्न झाला. हनुवटी टोकदार, नाक सरळ पट्टीने आखल्यासारखं. हे मलाही खटकलं.

भा.ने पडवीतल्या कपाटातून इंदूची जुनी वही शोधून काढली, लग्नाआधीची. पानं भरून चेहरेच चेहरे. एका पानावर बोट ठेवलंन. तीच हनुवटी, तेच नाक.

"मेडम, तेव्हा अक्का अठरा-एकोणीसच्या असतील."

मी वही चित्राशेजारी धरून पाहिली. मग तीच म्हणाली, "उलट्या निघाल्यात त्या."

कुठे निघाली म्हणून विचारणार होते.

भिंत पाहिली. नवे ठिपके जुन्यांच्या रांगेत नाहीत. रोज दोन-दोन बोटं खाली सरकताहेत.

२२ सप्टेंबर

घटस्थापना. देव मांडले. इकडे नवरात्रात बाहुल्या मांडतात, त्या यंदा नाहीत, इंदूचं वर्ष व्हायचं आहे.

सुग्रीव झाला. एक डोळा वर, एक खाली. तोंड हसरं, वरची दातांची रांग सगळी दिसते. कानाच्या जागी नुसता वळसा. रंग रेषेबाहेर गेलेला आहे आणि तो नखाने खरवडून आत आणायचा प्रयत्न केलेला आहे. कागदावर नखाचा ओरखडा. लहान नख.

मी तिथेच घोंगड्यावर बसले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

२३ सप्टेंबर, मंगळवार

सावित्रम्मा न कळवता आल्या. भा.ही होती. खोली दाखवावीच लागली.

वसिष्ठांना हात जोडले. भरताला "आहाहा" झालं. शत्रुघ्नापाशी जरा थांबल्या. मग सुग्रीव.

"हे काय हो मेडम? शाळेतल्या पोरीने काढल्यासारखं!"

"काम चालू आहे," मी म्हटलं.

"चालू आहे की बिघडतंय? दसऱ्याला संध्याकाळी चारला माणसं घेऊन येते. मारुती झालेला नसला, नाही तर असा वानरासारखा असला—"

"मारुती वानरच असतो."

भा.ला हसू आलं. सावित्रम्मांना आलं नाही. "तर मी चित्र तसंच त्यांच्याकडे नेणार. आधी सांगून ठेवते. माझं चित्र आहे." त्यात त्यांची चूक नाही.

त्या गेल्यावर भा. आत गेली ती ओला कापूस घेऊन. "सुग्रीव पुसते, मेडम. रंग कच्चा आहे, निघेल. दोन तासांत अक्कांच्या जवळपास आणते. मारुतीही करते. मग कुणी खरवडायला येत नाय."

कापूस चित्रापासून चार बोटांवर होता. मी तिचं मनगट धरलं. जोरात धरलं असावं, नंतर तिच्या हातावर लाल उमटलं होतं.

"पुसायचं नाही."

"का पण?"

कापूस तिच्या हातातून काढून घेतला. मी कारण नसलेली गोष्ट करत नाही.

२५ सप्टेंबर

आज चेहरा नाही. सकाळी वाटण्याचा आवाज मात्र होता, सव्वासात ते साडेअकरा. अकरानंतर इंदूने कधी वाटलं नाही.

गेले तर शिंपल्यात सफेदा वाटून ठेवलेला. बोटात घेऊन चोळला, कण लागला नाही. इतकं बारीक वाटण मी प्रयोगशाळेत मुलींकडून कधी करून घेऊ शकले नाही. वापरलेला नाही. संध्याकाळी वाळून त्याला भेगा पडल्या.

भिंतीवरचा ठिपका जमिनीपासून दोन हातांवर.

२६ सप्टेंबर

तसंच. आज हिंगूळ, लाल. वाटलेला, भरलेला, न वापरलेला. कुंचले उभे आहेत तसेच, कोरडे.

आवाज आता सारखा थांबतो. दमल्यासारखा. पुन्हा सुरू होतो.

२७ सप्टेंबर, शनिवार

भा.ला विचारलं, रंग तयार असताना चित्र का थांबलं असेल? मी विचारलं असं, जणू एखाद्या नळाची तक्रार.

ती वाटीत डिंक भिजवत होती. हात थांबवलान.

"मेडम, आमच्याकडे सुरुवातीला ब्रश देत नाहीत. नुसतं वाटायचं. मी सव्वा वर्ष वाटलं. अक्कांना त्यांच्या अज्जांनी, आजोबांनी, दोन वर्षं वाटायला लावलं, आठ वर्षांच्या होत्या. आपणहून ब्रश उचलायचा नाय. उचलला तर वाटण पुन्हा पहिल्यापासून."

"मग मिळतो कसा?"

"मोठं माणूस देतं. उजव्या हातातनं उजव्या हातात. बोलायचं नाय काही. विजयादशमीला बहुतेक, सरस्वतीपुढनं उचलून." मग एकदम माझ्याकडे बघून म्हणाली, "बेडा, मेडम. नको. ते मनात आणू नका."

"मी काही म्हटलं का?"

"तोंडावर दिसतं की. लहान पोरीच्या हातात मारुती देऊ नका. सुग्रीवासारखा करून ठेवेल, सावित्रम्मा सगळं बोर्ड घेऊन जातील, अक्कांचे राम-सीता खरवडले जातील. माज्या अक्कांचं शेवटचं काम आहे ते." रडत होती. "आणि नुसतं वाटत बसल्या तर आणखी लहान होतील, मग आपोआप थांबेल. मला द्या. मी करते."

आपोआप थांबेल. हे तिने दिलासा म्हणून सांगितलं.

२८ सप्टेंबर, रविवार

हे लिहायचं टाळत होते.

इंदू लग्न होऊन आली तेव्हा सासूबाई अंथरुणावर होत्या. घर माझ्या हातात, कॉलेज सांभाळून. ही एकवीस वर्षांची, पहाटे उठून रंग काढून बसायची. मी तिची कुंचल्यांची पेटी उचलून कपाटात ठेवली. "सासूबाई बऱ्या होईपर्यंत" म्हटलं. सासूबाई बऱ्या होणार नव्हत्या हे मला डॉक्टरांनी सांगितलेलं होतं.

दीड वर्ष. इंदूने एक शब्द काढला नाही. रोज सकाळी पाट्यावर मसाला वाटायची, लागेल त्याच्या दुप्पट. मिक्सर होता घरात. मी म्हणायची, मिक्सरला काय झालं? "सुम्ने, वैनी," म्हणायची. सुम्ने म्हणजे उगीच. मला वाटायचं पोरगी हट्टी आहे.

सासूबाई गेल्यावर पेटी काढली. हातात दिली नाही. स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली आणि कॉलेजला गेले. संध्याकाळी पेटी तिथे नव्हती. त्यावर आम्ही दोघी कधीही बोललो नाही. त्यानंतर ती कधीही माझ्यासमोर चित्र काढायला बसली नाही आणि मी कधी तिच्या खोलीत बसले नाही. एका घरात, एका भिंतीच्या दोन बाजूंना.

आजही सकाळपासून वाटण चालू होतं. दुपारी दोनपर्यंत.

३० सप्टेंबर

भा.शी शेवटचं बोलले. तिचं म्हणणं सगळं खरं आहे. तिने मारुती केला तर चित्र वाचतं, इंदूचं नाव राहतं, सावित्रम्मांचं देवघर बसतं. दुसऱ्या बाजूला माझ्याकडे काय आहे? पाट्याचा आवाज.

तरी तिला नाही म्हटलं.

"मग अक्कांचे राम-सीता गेले तर तुम्हाला चालतंय?"

"चालत नाही."

"मग?"

"चित्र सावित्रम्मांचं आहे, ते त्या नेतील. मी अडवणार नाही. पण ती वाट बघते आहे, भाग्या. आणि ज्याने द्यायचं तो मोठा माणूस घरात एकच उरलाय."

भा. पिशवी उचलून निघाली. फाटकाशी वळून म्हणाली, "दसऱ्याला मिरवणुकीचे रस्ते बंद असतात, बस लांबच सोडते. चालत येईन. दहापर्यंत येते." मग, "तोपर्यंत काय करायचं ते करा. मला सांगू नका."

सावित्रम्मांना फोन केला. चित्र चारला तयार असेल की नाही, असेल तर कसं असेल, सांगता येत नाही, म्हटलं. त्या बराच वेळ बोलल्या. ऐकून घेतलं.

१ ऑक्टोबर

आयुधपूजा. पाटा, वरवंटा, शिंपले, कुंचले, पट्टी, वर्खाची गादी, सगळं पुसून सरस्वतीपुढे मांडलं. हळदकुंकू, फुलं. आज हत्यारांना हात लावायचा नसतो.

मागची खोली दिवसभर शांत. एकदाही आवाज नाही. तिथेही सुट्टी पाळली जाते.

संध्याकाळी उघडून पाहिलं. घोंगड्यावर मध्यभागी खोलगट झालेलं, लहानसं. मांजर बसून गेल्याएवढं. आमच्याकडे मांजर नाही.

२ ऑक्टोबर, गुरुवार. विजयादशमी

साडेसहाला अंघोळ. सरस्वतीपुढचं निर्माल्य काढलं. पाटा आणि वरवंटा मागच्या खोलीत जागेवर नेऊन ठेवले, शिंपले ठेवले, वाटीत पाणी भरलं. कुंचल्यांतला एक मागे ठेवून घेतला, सगळ्यांत बारीक.

बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आवाज लगेच सुरू झाला. सात ते सव्वासात. मग थांबला, पुसल्यासारखा.

आत गेले. शिंपल्यात मारुतीच्या अंगाचा रंग, वाटलेला. मेजासमोर, घोंगड्याच्या अलीकडे, गुडघे टेकून बसले. गुडघे दुखले, त्याचा इथे संबंध नाही. इंदूला काही सांगायचं मनात होतं, पण बोलायचं नसतं. यावेळी पाठ फिरवली नाही. डोळे उघडे ठेवून उजवा हात पुढे केला, आठ वर्षांच्या मुलीला पोचेल इतका खाली. किती वेळ गेला ते पाहिलं नाही. हात भरून आला. दुसऱ्या हाताचा आधार दिला नाही.

आता स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. दार ओढून घेतलं आहे, कुलूप लावलेलं नाही. भिंतीपलीकडे वाटणं नाही, काहीच आवाज नाही. भाग्या यायला दीड तास आहे. नोंद करून ठेवते.

दिलं: कुंचला एक. खारीच्या केसांचा, वेताची मूठ, टोक शाबूत.
वेळ: सात वाजून पस्तीस मिनिटांच्या सुमारास, सकाळी.
देणारी: मी, थोरली जाऊ. उजव्या हाताने.
घेणारी: दिसली नाही. आधी कुंचल्याचं वजन गेलं, मग कुंचला. जमिनीवर पडलेला नाही, घोंगड्याखाली पाहिलं. हाताला लागली ती बोटं गार होती, आणि ओली.